आमच्या मामांचा राजदंड

माणसाच्या हातात काठी आली की त्याच्या बोलण्यातल्या 'मी'चा 'आम्ही' होतो, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. आमच्या गल्लीतला रात्रीचा गुरखा एरवी अत्यंत गरीब माणूस. पण रात्री बारा वाजता फरशीवर काठी आपटत निघाला की आपणच चोर आहोत असं वाटून आम्ही अंथरुणात दडून बसायचो. मुंजीतला बटू घ्या. घटकाभरापूर्वी मातृभोजनात आईच्या मांडीवर बसून 'मला लाडू नको, जिलबीच पाहिजे' म्हणून भोकाड पसरणारं ते कार्टं. हातात पळसाचा दंड आला, की साक्षात वामनावतार! मावशीकडे भिक्षा मागायची नसून तिची मालमत्ता जप्त करायची आहे, असा त्याचा चेहरा होतो.

आपल्या भाषेनं तर या गोष्टीची फार काळजीपूर्वक सोय करून ठेवली आहे. दंड म्हणजे काठी, दंड म्हणजे बाहू, दंड म्हणजे शिक्षा आणि दंड म्हणजे पावती फाडून भरायचे पैसे. हे चारही अर्थ एकाच वेळी समजून घ्यायचे असतील, तर चौकात सिग्नल तोडून पाहावा. 'चोपदार' या भारदस्त शब्दाचं मूळ फारसीत आहे. तिथे 'चोब' म्हणजे लाकूड. म्हणजे चोपदार हा शब्दशः लाकूडवाला! पण वखारीतल्या लाकूडवाल्याला 'अहो जाओ' करताना मी कुणाला पाहिलेलं नाही. सबब, लाकडात काही नसतं. मग ते असतं कुठे?

हा प्रश्न मला पडला तो आमच्या मामांमुळे.

मामांचं गाव वडिवळे. पुण्याहून लोणावळा लोकलनं कामशेतला उतरायचं आणि नाणे मावळाच्या अंगाला आत जायचं. आता तिकडे शनिवार-रविवारी मोटारींची रांग लागते आणि वडिवळे धरणाचं पाणी पाहून लोक 'अगदी स्वित्झर्लंड हो!' म्हणतात. आमच्या लहानपणी तिथे फक्त मावळ होता. पाऊस असा, की जूनमध्ये आत गेलेला माणूस कोरडा बाहेर यायला दिवाळी उजाडे. भाताची खाचरं, बांधावरचा चिखल, डोक्यावर इरलं आणि हातात काठी. कारण काठीवाचून त्या बांधावर दोनच जण चालू शकत. एक बगळा आणि दुसरी माझी मामी.

मामांची काठी मात्र या कामाची नव्हती. ती शिसवी होती, मामांच्या कानापर्यंत उंच. वर कोरीव मूठ, त्याखाली पितळी कडं, तळाला लोखंडी शेंबी. ही पाटीलकीची काठी. आजोबांच्या भाऊबंदांत पाटीलकी पाळीनं फिरत असे. आजोबांची पाळी झाली, चुलत्यांची झाली आणि आता मामांची येणार, मामांनी फेट्याचं कापडसुद्धा बघून ठेवलेलं, तेवढ्यात १९६२ साली सरकारनं कायदा करून मुलकी पाटलांचं पदच रद्द केलं. पुढे १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्यानं पोलीस पाटील हा नेमणुकीचा झाला. त्याला अर्ज लागे, आणि अर्ज करणं मामांना शोभण्यासारखं नव्हतं. इंग्लंडच्या एका राजानं गादी सोडली हे आपण वाचतो. गादीच उठून गेली आणि राजदंड हातात राहिला, असा राजा जगात एकटे आमचे मामाच असावेत.

पण मामांनी काठी सोडली नाही. ओट्यावर बसले की ती उजव्या हाताला भिंतीशी उभी असे. तंटा आला की ती मांडीवर आडवी येई. म्हैस कुणाच्या खाचरात शिरली, बांध कुणी कोरला, असल्या खटल्यांत मामा निवाडा देत आणि दोन्ही पक्ष मान डोलावून तडक वडगावच्या कोर्टात जात. तरी येताना पहिला थांबा मामांचा ओटाच. 'आधी पाटलांच्या कानावर घालतो' हे वाक्य १९६२ नंतर कितीतरी वर्षं चालू होतं. कायदा होऊन गेला ही बातमी मुंबईहून कामशेतपर्यंत आली असावी. पुढचा रस्ता त्या काळी पावसाळ्यात बंद असे.

काठीचं खरं वैभव दिसे ते रात्री. कंदिलाच्या उजेडात मामा ती आडवी धरत आणि आम्हा भाच्यांना वाचून दाखवत. वाचून हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. मुठीपासून अंगठा खाली सरके आणि खुणेखुणेवर थांबे. मूठ म्हणजे कार्ल्याच्या लेण्यापुढच्या सिंहस्तंभावरून सुतारानं हुबेहूब उतरवलेला सिंह. पितळी कडं म्हणजे आजोबांना मिळालेला मान. मधला काळा डाग म्हणजे डोंगराला वणवा लागला तेव्हा मामांनी एकट्यानं केलेला पराक्रम. खालचे चार खड्डे म्हणजे बिबट्याचे दात. आणि त्याच्याही खाली, बोटभर अंतरावर, चाकूनं मारलेल्या दोन आडव्या चिरा. तिथे अंगठा थांबे, पण मामा काही बोलत नसत. 'जा, झोपा आता' म्हणत.

या वाचनाची खरी किंमत मला कळली ती मामा गेल्यावर, आणि तीही आफ्रिकेमुळे. एका भाचीनं मला जाडजूड चित्रांचं पुस्तक भेट दिलं. काँगोच्या आग्नेय भागात लुबा नावाचे लोक आहेत, त्यांच्या कोरीव लाकूडकामाचं. पान उलटतो तर समोर काठी! तिला तिकडे 'किबांगो' म्हणतात. राजे, सरदार आणि दरबारी मानकऱ्यांनी बाळगायची ही काठी. तिच्यावर बाईची आकृती कोरलेली, मधे मधे काठी चपटी आणि रुंद होते, त्यावर नक्षी, कुठे तांब्याची तार गुंडाळलेली, तळाला लोखंडी टोक. मला क्षणभर वाटलं, आमच्या सुताराचा कुणी भाऊबंद तिकडे गेला असावा.

पण पुढचं वाचलं आणि ताठ बसलो. लुबांची काठी नुसती धरायची नसते, वाचायची असते. ते रुंद नक्षीदार भाग म्हणजे राज्याची ठाणी, मधला साधा दांडा म्हणजे त्यांच्यामधलं ओसाड माळरान, आकृत्या म्हणजे घराण्याचे मूळ पुरुष आणि देवता. म्हणजे एका काठीत नकाशा, वंशावळ आणि बखर! याशिवाय त्यांच्याकडे मणी बसवलेली एक लाकडी पाटी असते, 'लुकासा' नावाची. तिच्या मण्यांवर बोट फिरवत जाणकार मंडळी राज्याचा इतिहास सांगतात. हे जाणकार म्हणजे रीतसर दीक्षा घेतलेली मंडळी. ओट्यावरचे कुणीही मामा नव्हेत. या साऱ्या वस्तूंचं एक मोठं प्रदर्शन न्यूयॉर्कमध्ये १९९६ साली भरलं होतं आणि त्याच्या नावातच 'स्मृती' हा शब्द होता.

आणि सगळ्यांत गंमत म्हणजे, ठरावीक वाचन असं नाहीच. एकाच पाटीचं दोन जाणकारांनी केलेलं वाचन सारखं येत नाही. कोण सांगतो, कुणापुढे सांगतो आणि कुणाची बाजू धरून सांगतो, यावर इतिहास बदलतो. हे वाचून मला हसू आलं. त्यासाठी काँगोला जायचं काय कारण? आमच्याकडे एका खाचराच्या बांधाचे तीन इतिहास आहेत आणि तिन्ही कोर्टात दाखल आहेत.

आता आपण विचाराल, राजाच्या काठीवर बाईची आकृती कशासाठी? ती बहुधा दोन्ही हात छातीशी धरून उभी असते, कारण राज्याची गुपितं तिथे जपलेली असतात. लुबांमध्ये असं मानतात, की दिवसा पुरुष राजे असतात आणि रात्री बायका. हे वाक्य मी आमच्या घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. 'दिवसा तरी कुठे?' एवढंच उत्तर स्वयंपाकघरातून आलं.

तेव्हापासून मी जिथे काठी दिसेल तिथे ती वाचू लागलो. आमच्या महाराष्ट्राच्या विधानसभेत राजदंड असतो. अध्यक्षांसमोर तो ठेवला की सभागृह भरलं. विरोधी सदस्यांनी राजदंड पळवला, ही बातमी मराठी माणसाला मोसमी पावसाच्या बातमीइतकी ओळखीची आहे. राजदंड घेऊन पळणारा माणूस तो घरी नेऊन काय करणार, पडदे अडकवणार? पण त्याला पक्कं ठाऊक असतं, की कागद पळवले तर फक्त कागद जातील. काठी पळवली तर सभागृह थांबेल. विलायतेतही हेच. १६५३ साली क्रॉमवेलनं पार्लमेंटात घुसून हे खेळणं उचला म्हणून राजदंड बाहेर काढायला लावला, आणि १९७६ साली मायकेल हेझल्टाइन नावाच्या खासदारानं तो भर सभागृहात उचलून हातात घेतला. लाकूड असो, चांदी असो की सोनं, सभ्य माणसांच्या सभेत शेवटी नजर जाते ती काठीवरच.

दिल्लीच्या नव्या संसदेत २८ मे २०२३ रोजी 'सेंगोल' बसवला. मद्रासच्या सोनारांनी १९४७ साली घडवलेला आणि पंडित नेहरूंना दिलेला हा सोन्याचा मुलामा असलेला दंड मधली कितीतरी वर्षं अलाहाबादच्या संग्रहालयात होता. नेहरूंना भेट मिळालेली सोन्याची फिरायची काठी, अशी तिथे त्याची नोंद होती असं वर्तमानपत्रांत आलं. तो नेमका कशाची खूण, यावरही तेव्हा भरपूर वाद झाला. पाहा, वाचणारा उठून गेला की राजदंडाची फिरायची काठी होते. आणि वाचणारे वाढले की फिरायच्या काठीवरून वाद होतात.

मला सर्वांत आवडते ती माउलींच्या पालखीतल्या चोपदारांची काठी. मामा वारीला जात. 'आपल्या कुंडलिकेचं पाणी इंद्रायणीतनं आळंदीला जातंच, मग आपणच का मागं राह्यचं?' हा त्यांचा हिशेब. संध्याकाळी पालखी तळावर पोचली की सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात. हजारो टाळ एकदम वाजत असतात. चोपदार दंड उंचावतात, 'हो' अशी आरोळी उठते आणि टाळ थांबतात. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती टाळ थांबवत नाही, वाजवत राहते. मग चोपदार त्या दिंडीपर्यंत जातात, गाऱ्हाणं ऐकतात, समजूत काढतात. तिचे टाळ थांबल्यावरच हरवल्या-सापडल्याच्या वस्तू सांगतात, उद्या निघायची वेळ सांगतात आणि आरती होते. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात घालून दिलेली ही शिस्त. आमच्या सोसायटीच्या सभेत अठ्ठावीस सभासद असतात आणि माईक असतो. एकदा मीही काठी उंचावून पाहावी असं मनात येतं. पण तिथे ती चोपदाराची न ठरता चोपाची ठरेल, ही भीती.

मात्र काठीचं कौतुक करताना एक पान वगळलं तर ते वाचन खोटं होईल. जुन्या गावगाड्यात पाटलाच्या काठीखेरीज आणखी एक काठी असे, वेसकराची. तिला घुंगरं असत. महार समाजाच्या माथी असलेल्या गावकामाची ती खूण. ती हातात घेऊन चावडीच्या हाकेला धावायचं, सरकारी भरणा तालुक्याला पोचवायचा, गावात निरोप फिरवायचे, मयताची बातमी ऊन-पावसात परगावी न्यायची. वेतन म्हणजे थोडं इनाम, थोडं बलुतं. दिसायला काठी तीच. पण एका हातात ती हुकूम देई आणि दुसऱ्या हातात हुकूम झेली. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करून हे जोखड सैल करावं म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडलं. ती वतनं कायद्यानं रद्द व्हायला १९५८ साल उजाडावं लागलं. आमच्या मामांना पाटीलकी गेल्याचं जन्मभर वाईट वाटलं. पण ती दुसरी काठी ज्यांच्या हातून सुटली, त्यांनी ती भिंतीशी उभी करून ठेवली नाही. त्यांचा मान ती खाली ठेवण्यातच होता. काठी वाचायची तर दोन्ही हातांनी वाचावी, हे मला तेव्हा उमगलं.

मामा गेले आणि वाटणी निघाली. सातबाऱ्यावर होतं ते वाटून झालं. काठी सातबाऱ्यावर नव्हती. धाकटा म्हणाला, 'दादा थोरला, त्याच्याकडं ऱ्हाऊ द्या.' दादा चिंचवडला कारखान्यात, तिथेच तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. दादा मनानं चांगला. बापाची आठवण नीट दिसावी म्हणून त्यानं काठी पॉलिशवाल्याकडे दिली. पॉलिशवाल्यानंही काम मन लावून केलं. खड्डे दिसले तिथे लांबी भरली, पॉलिश पेपर मारून घोटून घोटून गुळगुळीत केली, पितळी कडं काढून नवं चकचकीत घातलं आणि वर लाखेचा हात दिला. काठी अशी झाली, की आजच दुकानातून आणली आहे. काचेच्या शोकेसमध्ये, मुलाच्या कराट्याच्या कपांशेजारी, ती तिरकी उभी राहिली.

मामी राहायला आल्या होत्या, म्हणून मी भेटायला गेलो. काठी पाहिली आणि पोटात कालवलं. सिंह, कडं, वणवा, बिबट्या, एकाच दुपारी सगळं साफ! लुबांच्या राजाची बखर पुसायला शत्रूला फौज आणावी लागली असती. आमच्याकडे अर्धा लिटर पॉलिशमध्ये काम झालं.

'मामी, सगळ्या खुणा गेल्या हो,' मी म्हणालो.

'कुठं जात्यात?' मामी म्हणाल्या. त्यांनी काठी मागून घेतली, मांडीवर आडवी धरली आणि डोळे मिटून अंगठा फिरवायला लागल्या. 'ह्यो तुमच्या मामाचा सिंव्ह. सिंव्ह न्हवंच त्यो भाचेराव, बोका हाय. सुतारानं कारलं बघितलंच न्हवतं, आमचा बोका बघितला व्हता.'

मी गप्प. अंगठा पुढे सरकला.

'हितं कडं. मान कसला न् काय कसला! काठी चिरली व्हती. माझ्या लग्नातल्या घागरीचा काठ कापून बसिवला. मी चार दिस बोलले न्हाई.' अंगठा आणखी खाली आला. 'हितं बिबट्या. म्हशीचं रेडकू हो ते! दात शिवशिवत व्हते त्याचं.'

'आणि वणवा?'

मामी जरा थांबल्या. 'वणवा न्हवता. दादाच्या वेळंला मी बाळंतीण, बाहेर धो धो पाऊस, घरात दुसरं बाईमाणूस न्हाई. ह्यांनी पहिल्यांदा चूल पेटवली. फुंकणी कुठं असती ते ठावं न्हाई, तर पाटलाच्या काठीनं निखारं सारलं. पिठलं करपलं ते करपलंच, काठीबी करपली. ते कुणाला सांगाया लाजायचे. म्हणून वणवा.'

दादा कपात चहा ओतत होता, तो थांबला. आपल्या जन्माचा दाखला आपण लांबी भरून बुजवला, हे बहुधा त्याच्या तेव्हा ध्यानात आलं असावं.

'आणि त्या दोन चिरा?' मी विचारलं.

'त्येवढं मातुर त्यांनी कधी खोटं सांगितलं न्हाई,' मामी म्हणाल्या. 'सांगितलंच न्हाई. धरणाचं पाणी चढलं तवा वरची दोन खाचरं गेली. एकेका खाचराची एक चीर. त्या दिशी जेवलं न्हाईत.'

खोलीत कुणी काही बोललं नाही. मामींचा अंगठा त्या गुळगुळीत जागेवर तसाच होता. मला पुस्तकातली ती आकृती आठवली. हात छातीशी, गुपितं आत, आणि तिच्या डोक्यावर राजाची सगळी काठी तोललेली.

नातू दहा वर्षांचा. कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होता. काठी जर एवढी बोलकी असेल तर ती काचेत कशाला, असा सरळ विचार त्यानं केला असावा. पुढच्या रविवारी त्यानं ती खाली नेली. पार्किंगमध्ये सामना होता आणि एक स्टंप कमी होता. संध्याकाळी काठी वर आली तेव्हा मधोमध पॉलिश उडून चांगली अर्ध्या इंचाची खोच पडली होती. दादानं हात उगारला. मामींनी मधे पडून काठी काढून घेतली, त्या खोचीवरून अंगठा फिरवला आणि नातवाला जवळ बसवून घेतलं.

'असू दे,' त्या दादाला म्हणाल्या. 'आता कुठं बोलाया लागली ती.' आणि मग नातवाकडे वळून, 'हं, सांग बघू. हितं काय झालं?'

नातवानं अंगठा खोचीवर ठेवला आणि जराही न अडखळता सांगायला सुरुवात केली. त्याच्या सांगण्यात चेंडूचा वेग ताशी दीडशे किलोमीटर होता. मामांचा नातू तो; बोक्याचा सिंह करणं रक्तातच आहे.